कोयना-चांदोली वनप्रदेश

कोयना-चांदोली वनप्रदेश : महाराष्ट्र राज्याच्या सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम सीमेवर सह्याद्रीच्या माथ्यालगत पसरलेला सदाहरित व निमसदाहरित अरण्यांचा पट्टा. उत्तरेकडील कोयना अभयारण्य (क्षेत्रफळ ४२३.५५ चौ. किमी.) आणि दक्षिणेकडील चांदोली राष्ट्रीय उद्यान (क्षेत्रफळ ३१७.६७ चौ. किमी.) हे त्याचे दोन प्रमुख भाग होत. त्यांच्या भोवतालचा प्रदेश मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्याचे एकूण क्षेत्रफळ १,१६५.५७ चौ. किमी. असून मेळघाट, ताडोबा-अंधारी व पेंच यांनंतरचा हा राज्यातील चौथा व्याघ्र प्रकल्प होय. कोल्हापूर जिल्ह्याचा शाहूवाडी तालुका व रत्नागिरी जिल्ह्याचा संगमेश्वर तालुका यांचाही काही भाग यात येतो. १ जुलै २०१२ रोजी युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत महाराष्ट्रातील कास पठार व राधानगरी अभयारण्य यांच्याबरोबर कोयना आणि चांदोली यांचाही समावेश आहे.

या अरण्याचे वर्णन करताना ‘आदिम’, ‘अस्पर्श’ अशी विशेषणे सर्रास योजली जातात. वृक्षराजीच्या दृष्टीने ती काही अंशी खरी आहेत; इतिहासाच्या दृष्टीने मात्र नाहीत. ज्या दऱ्यांत आज गव्यांचे कळप चरतात, तेथे पन्नास-साठ वर्षांपूर्वी भाताची खाचरे होती, देवळे होती, आंब्याफणसांनी वेढलेल्या वाड्या होत्या. दोन धरणांनी खोऱ्यांच्या तळाची शेतजमीन बुडविली. वरची वस्ती तुटक व दुर्गम झाली आणि पुढे अभयारण्याच्या घोषणेनंतर तीही टप्प्याटप्प्याने हलविण्यात आली. आज दिसणारी निर्जनता ही अशी अलीकडची आहे आणि तिची किंमत कोणी मोजली, हे समजल्याखेरीज या अरण्याचा इतिहास पुरा होत नाही.

भूरचना व पर्जन्य : सह्याद्रीची मुख्य रांग आणि तिला समांतर असलेली बामणोलीची रांग यांच्यामधून कोयना नदी वाहते. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी सु. ६५ किमी. सरळ दक्षिणेस येते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराड येथे कृष्णेस मिळते. सोळशी व कांदाटी या तिच्या उपनद्या. हेळवाकच्या दक्षिणेस पाथरपुंजच्या पठारावर, प्रचितगडाच्या परिसरात, वारणा नदीचा उगम आहे. ती आग्नेयीस वाहत जाऊन सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. कोयनेच्या खोऱ्यातील अरण्य व वारणेच्या खोऱ्यातील अरण्य यांना जोडणारा दुवा म्हणजे हेळवाकच्या आसपासचा अरुंद वनपट्टा. नेमक्या याच ठिकाणी कराड-चिपळूण मार्ग कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतो.

नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या कड्यांवर आदळतात व माथ्यावर प्रचंड पाऊस पाडतात. कोयनानगर परिसरात वर्षाकाठी सरासरी सु. ५,००० मिमी. पाऊस पडतो. पाथरपुंज येथे २०१९ च्या पावसाळ्यात ९,००० मिमी.हून अधिक पर्जन्याची नोंद झाली. माथ्यापासून पूर्वेकडे जावे तसतसे हे प्रमाण झपाट्याने घटते. साताऱ्याच्या माण व सांगलीच्या जत, आटपाडी या तालुक्यांत ते कसेबसे ५०० मिमी.च्या घरात असते. एकाच जिल्ह्यात वर्षावन व दुष्काळी माळ असे टोकाचे दोन प्रदेश शंभर-सव्वाशे किमी.च्या अंतरात यावेत, हे सातारा-सांगलीचे वैशिष्ट्य होय. या दोन जिल्ह्यांतील पाण्याच्या राजकारणाचे मूळही त्यातच आहे.

वनश्री : विषुववृत्तीय प्रदेशांतील वर्षावनांत पाऊस जवळजवळ बारमाही असतो. येथे मात्र वर्षाचा सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले सात-आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. त्यामुळे केरळ-कर्नाटकातील सदाहरित अरण्यांप्रमाणे गगनचुंबी वृक्ष येथे सहसा आढळत नाहीत. माथ्यावरील झाडे बेताच्या उंचीची, वाऱ्याने वाकलेली, पण एकमेकांना लागून वाढलेली असतात. त्यांच्या दाट छत्राखाली पालापाचोळ्याचा जाड थर साठतो, जमिनीतील ओल उन्हाळ्यापर्यंत टिकते व झाडे हिरवी राहतात. छत्र एकदा तोडले, की हे चक्र मोडते. उघडी पडलेली माती एकदोन पावसाळ्यांतच धुपून जाते आणि तेथे पुन्हा सदाहरित वन न येता कारवी, गवत किंवा काटेरी झुडपे माजतात. या जातीच्या अरण्याचा नाजूकपणा तो हाच.

अंजनी, जांभूळ व पिसा हे येथील सदाहरित वनाचे प्रमुख घटक असून वनस्पतिशास्त्रज्ञ या तिहींच्या साहचर्यावरूनच उत्तर सह्याद्रीतील अरण्याचा हा प्रकार ओळखतात. त्यांच्या जोडीस हिरडा, आंबा, फणस, उंबर, कुंभा इ. वृक्ष आढळतात. उतारांच्या खालच्या भागात ऐन, किंजळ, नाणा यांची पानझडी वने आहेत. गारंबीच्या अजस्र वेली, शिकेकाईची जाळी, करवंदी, तोरण, खोडांवर वाढणारी आमरे व नेचे यांनी अरण्याचा अंतर्भाग गच्च भरलेला असतो. सात-आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते, तेव्हा डोंगरांचे उतार जांभळट दिसू लागतात. फुलोऱ्यानंतर ती पिढी मरते व बियांपासून नवी रुजते.

माथ्यावरील जांभ्या खडकाच्या उघड्या सपाट भागांस स्थानिक भाषेत ‘सडा’ म्हणतात. चांदोलीतील झोळंबीचा सडा प्रसिद्ध आहे. परक्यास हे सडे ओसाड वाटतात. ब्रिटिश काळापासून सरकारी दप्तरांत त्यांची गणना पडीक जमिनीत होत आली. प्रत्यक्षात पावसाळ्याच्या अखेरीस खडकावरील इंचभर मातीत असंख्य क्षुद्र वनस्पती उगवून फुलतात. त्यांतील अनेक जाती फक्त पश्चिम घाटातच सापडतात.

इतिहास : देशावरील कराड व कोकणातील चिपळूण-दाभोळ यांच्यामधील व्यापार प्राचीन काळापासून या भागातील घाटवाटांनी चाले. घाटांचे रक्षण करण्यासाठी अरण्यातच किल्ले उभारण्यात आले. वासोटा, जंगली जयगड, भैरवगड, प्रचितगड ही त्यांतील ठळक नावे. मैदानी किल्ल्यांप्रमाणे तटबंदीची बळकटी हे त्यांचे सामर्थ्य नव्हते. भोवतालचे निबिड अरण्य हाच त्यांचा खरा तट होता. मोऱ्यांच्या जावळीचा दबदबा याच कारणाने होता. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली. १६५९ मध्ये अफझलखानास मोकळ्या मैदानातून याच अरण्यमय प्रदेशात ओढून आणण्यात आले. १६६० मध्ये वासोटा स्वराज्यात आला. शिवाजी महाराजांनी त्याचे नाव व्याघ्रगड ठेवले असे परंपरा सांगते. वाघाचा आढळ या नावातूनच नव्हे, तर खोऱ्याखोऱ्यांत आढळणाऱ्या वाघजाईच्या ठाण्यांवरूनही सूचित होतो. १६६१ मध्ये सुर्व्यांचे शृंगारपूर घेतल्यावर त्याच्या माथ्यावरील प्रचितगडही स्वराज्यात सामील झाला.

पेशवाईत वासोट्याचा उपयोग मुख्यतः बंदिखाना म्हणून झाला. पंतप्रतिनिधींच्या प्रकरणात ताई तेलीण या स्त्रीने हा किल्ला पेशव्यांचा सेनापती बापू गोखले याच्याविरुद्ध काही महिने लढविला. १८१७-१८ च्या इंग्रज-मराठा युद्धात दुसऱ्या बाजीरावाने सातारकर छत्रपतींच्या कुटुंबातील मंडळी व हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी येथे ठेवले होते. एप्रिल १८१८ मध्ये जनरल प्रिट्झलरच्या सैन्याने शेजारच्या ‘जुना वासोटा’ या डोंगरावर तोफा चढवून मारा केला, तेव्हा किल्लेदाराने लवकरच शरणागती पतकरली. अरण्याचा तट तोफेपुढे टिकला नाही. त्यानंतर वासोट्यास लष्करी महत्त्व उरले नाही आणि अरण्याने हळूहळू किल्लाच गिळला.

अरण्यातील सामान्य लोकांचा इतिहास मात्र किल्ल्यांच्या इतिहासाइतका लिहिला गेला नाही. खोऱ्यांच्या तळाशी भातशेती आणि उतारांवर कुमरी ही येथील निर्वाहाची साधने होती. कुमरी पद्धतीत उताराचा एक तुकडा तोडून, वाळलेला पाला जाळून त्या राखेत नाचणी व वरी पेरत. दोनतीन वर्षांनी ती जागा सोडून दुसरीकडे जात व पहिल्या जागेवर झाडी परत वाढू देत. गवळी धनगरांचे वाडे माथ्यावर असत. म्हशी पाळणे व लोणी-तूप विकणे हा त्यांचा व्यवसाय. राईतील देवाच्या नावाने राखलेली झाडी तोडीत नसत. त्या देवराया आजही टिकून आहेत.

१८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले ठरविण्यात आली तेव्हा या व्यवस्थेस पहिला मोठा तडा गेला. कुमरी हा सरकारच्या दृष्टीने नाश होता आणि जळण, राब व चराई हे हक्क न राहता सवलती बनल्या. कुमरीमुळे वनाची हानी होत नव्हती, असे म्हणता येणार नाही; लोकसंख्या वाढली व पडीक ठेवण्याचा काळ घटला तसतशी ती होत गेली. परंतु त्याच काळात सरकारनेही इमारती लाकूड व कोळसा यांसाठी जंगले तोडली, ही गोष्ट विसरता येत नाही. असंतोषाचा उद्रेक १९३० च्या जंगल सत्याग्रहात झाला. वारणाकाठी शिराळा पेट्यातील बिळाशी या गावी लोकांनी राखीव जंगलातील साग तोडून त्याचा ध्वजस्तंभ केला व त्यावर तिरंगा फडकविला. स्त्रियांचा त्यात पुढाकार होता. सप्टेंबर १९३० मध्ये पोलिसांनी केलेल्या गोळीबारात सत्याग्रही मृत्युमुखी पडले. हे ‘बिळाशीचे बंड’ स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे. पण मुळात तो वनावरील हक्काचा लढा होता, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. त्या वेळी शिराळा सातारा जिल्ह्यात मोडत होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव देण्यात आले.

धरणे व विस्थापन : कोयनेचे पाणी पूर्वेकडे वाहू न देता बोगद्यांतून पश्चिमेस कोकणात सोडायचे आणि सह्याद्रीच्या कड्याच्या उंचीचा लाभ घेऊन वीज निर्माण करायची, ही कल्पना विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून चर्चेत होती. स्वातंत्र्योत्तर काळात तिला मूर्त रूप आले. हेळवाकजवळ देशमुखवाडी येथे सु. १०३ मी. उंच व ८०८ मी. लांब धरण बांधण्यात आले. ते १९६४ मध्ये पूर्ण झाले. त्यामागे पसरलेल्या शिवसागर जलाशयाने कोयनेच्या खोऱ्याचा तळ जवळजवळ बामणोली-तापोळ्यापर्यंत व्यापला. टप्प्याटप्प्याने वाढत गेलेली या प्रकल्पाची वीजनिर्मितीक्षमता १,९६० मेगॅवॉट असून राज्याच्या औद्योगिक वाढीस तिचा मोठा हातभार लागला.

या प्रकल्पासाठी शंभराच्या आसपास गावे उठली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला. कोयनेचे लोक त्याच्या आधीच उठलेले असल्याने त्या वेळी त्यांच्या पाठीशी कोणतीही कायदेशीर चौकट नव्हती. काही कुटुंबे ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूर, सांगली या जिल्ह्यांत गेली. काहींनी दूर जाण्याऐवजी पाण्याच्या वर सरकून डोंगरातच नवी घरे बांधली. पूर्वी पायवाटेने तासाभरात गाठता येणारी पलीकडच्या काठावरील गावे आता लाँचच्या भरवशावर राहिली. कांदाटी खोऱ्यास हे तुटलेपण विशेष जाणवले. जी वस्ती तग धरू शकली नाही, ती मुंबईकडे वळली. माथाडी कामगारांत व गिरणगावात जावळी-पाटणच्या माणसांचा भरणा होता, त्यामागील एक कारण हे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात झालेल्या तीव्र भूकंपात सु. १८० माणसे मृत्यू पावली. जलाशयातील पाण्याचा दाब व भूकंप यांच्या परस्परसंबंधांच्या अभ्यासात कोयनेचे उदाहरण तेव्हापासून जगभर दिले जाते.

धरणाचे बांधकाम चालू असतानाच, १९६३ मध्ये, कोयनेच्या परिसरातील हुंबर्ली येथून भेकाच्या एका नव्या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. तिला कोयनेवरूनच नाव मिळाले. जांभ्याच्या खळग्यांत साचलेल्या उथळ पावसाळी पाण्यात हा लहानसा भेक अंडी घालतो. पुढील संशोधनानंतर २००९ मध्ये आंबोलीच्या भेकासह तो ‘झँथोफ्राईन’ या स्वतंत्र प्रजातीत ठेवण्यात आला. ही प्रजाती उत्तर सह्याद्रीबाहेर आढळत नाही. ज्या सड्यांना पडीक म्हटले गेले, त्यांचे मोल अशा जीवांवरून ध्यानात येते.

वारणेवरील चांदोलीचे मातीचे धरण व त्याचा वसंतसागर जलाशय यांनी दक्षिणेकडील खोऱ्यात तीच प्रक्रिया पुन्हा घडविली. १९८५ मध्ये कोयना व चांदोली ही दोन्ही अभयारण्ये घोषित झाली. धरणांना मिळणारे पाणी गाळमुक्त राहण्यासाठी वरच्या पाणलोटावर दाट झाडी हवी, ही जाणीव शासनास होती. वन्यजीवांइतकाच जलाशयांच्या आयुष्याचाही विचार या वनसंरक्षणामागे होता, असे मानण्यास जागा आहे. २००४ मध्ये चांदोलीस राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय उद्यानात मानवी वस्ती व चराई यांना कायद्याने वाव नसतो. त्यामुळे झोळंबी, गोठणे, सिद्धेश्वर, निवळे इ. तिसांवर गावे व वाड्या सांगली, कोल्हापूर व अन्य जिल्ह्यांतील पुनर्वसन वसाहतींत हलविण्यात आल्या. जमीन न मिळणे, मिळालेली जमीन निकृष्ट असणे, निर्वाहभत्ता व नागरी सुविधा थकणे या तक्रारींवरून विस्थापितांना अनेक वर्षे लढावे लागले. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर त्यांनी दीर्घकाळ ठिय्या आंदोलने केली. धरण व अभयारण्य यांपैकी कोणासाठी आपण उठलो, याचे उत्तर सरकारी कागदांत वेगवेगळे असले, तरी उठणाऱ्याच्या दृष्टीने त्यात फारसा फरक नव्हता.

प्राणिजीवन : उठलेल्या गावांच्या शेतजमिनी सदाहरित वनात एकाएकी बदलल्या नाहीत. त्यांवर प्रथम गवत आले. अशी गवताळ कुरणे दाट अरण्यात नैसर्गिक रीत्या विरळाच असतात. गवा व सांबर यांना ती लाभदायक ठरली. गव्यांचे कळप आज सर्वाधिक दिसतात ते अशाच जुन्या गावठाणांच्या आसपास. पडक्या जोत्यांजवळ आंबा, फणस व जांभूळ अजूनही फळतात आणि उन्हाळ्यात अस्वले, रानडुकरे व उदमांजरे त्यांवर ताव मारतात.

भेकर व पिसोरी हे लहान हरीण वर्गातील प्राणी येथे आहेत. पिसोरी जेमतेम सशाएवढी, अंगावर पांढरे ठिपके व पट्टे असलेली, निशाचर व अतिशय भित्री असल्याने क्वचितच दृष्टीस पडते. बिबट्या व कोळसुंदा (रानकुत्रा) हे दीर्घकाळ येथील मुख्य शिकारी प्राणी होते. कोळसुंदे कळपाने, दिवसा शिकार करतात. खवले मांजर, साळिंदर, वानर, माकड व पाणमांजर यांचाही आढळ आहे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी येथील वनाच्या प्रकृतीचा उत्तम निदर्शक होय. ही मोठी खार सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर उड्या मारते आणि उंच झाडांवर काटक्या-पानांची एकाहून अधिक घरटी बांधते. वृक्षांचे छत्र तुटले, की तिची वाटच खुंटते. म्हणून जेथे शेकरू आहे, तेथे वन अखंड आहे असे समजण्यास हरकत नाही.

पक्ष्यांत मलबारी राखी धनेश, रानकोंबडा, तांबट, नवरंग, तसेच माणसाने शीळ घातल्यासारखे गाणारा शीळकरी कस्तूर हे लक्षणीय आहेत. धनेशाची मादी ढोलीत स्वतःस कोंडून घेते व नर तिला फटीतून फळे भरवितो. ढोली असणारे जुने, जाड खोडाचे वृक्ष उरले नाहीत तर त्याची वीण थांबते. सरपटणाऱ्या प्राण्यांत अजगर, नाग, मण्यार, चापडा व घोरपड आढळतात.

पर्यटन : या अरण्यात वन्यप्राणी सहज दिसतील, अशा अपेक्षेने जाणाऱ्याची बहुधा निराशा होते. ताडोबासारख्या पानझडी वनात उन्हाळ्यात पाणवठ्यावर जनावरे उघड्यावर येतात. येथे दाट झाडी व जागोजाग पाणी असल्याने ती विखुरलेली व झाकलेली राहतात. ठसे, विष्ठा, झाडावरील नखांचे ओरखडे, भेकराचे भुंकणे यांवरूनच त्यांची चाहूल घ्यावी लागते. ज्यास हे वाचता येते, त्यास येथील एक दिवस पुरत नाही.

चांदोलीस जाण्यासाठी शिराळा तालुक्यातील वारणावती हे प्रवेशाचे ठिकाण आहे. वनविभागाच्या परवानगीने व वाटाड्यासह वाहनाने जनीचा आंबा, झोळंबीचा सडा इ. ठिकाणी जाता येते. कोयनेकडील भागात नवजाजवळचा ओझर्डे धबधबा पावसाळ्यात प्रेक्षणीय असतो. वासोट्यास जाणारा मार्ग मात्र सर्वांत वेगळा. बामणोली किंवा तापोळा येथून लाँचने शिवसागर ओलांडून मेट इंदवली या उठलेल्या गावाच्या जागी उतरावे लागते. तेथील चौकीत नोंद करून दाट झाडीतून दोन-अडीच तासांची चढण आहे. किल्ल्यावर मुक्कामास मनाई असून सूर्यास्तापूर्वी परतणे बंधनकारक आहे. बरोबर नेलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तूंची चौकीत मोजदाद होते. गडावर मारुतीचे मंदिर, वाड्याचे अवशेष व पाण्याचे टाके आहे. पश्चिमेचा बाबूकडा खोल कोकणात तुटलेला आहे. पावसाळ्यात प्रकल्पातील पर्यटन बंद ठेवतात. मेट इंदवलीस उतरणाऱ्या प्रवाशांपैकी थोड्यांच्याच ध्यानात येते, की ज्या पाण्यावरून ते आले त्याखाली खोऱ्यातला जुना रस्ता व शिवारे आहेत.

संरक्षित क्षेत्राबाहेर परिस्थिती निराळी आहे. पाटणजवळील वनकुसवडे पठारावर १९९० नंतर पवनचक्क्या उभ्या राहिल्या व त्यांच्यासाठी रस्ते फोडण्यात आले. शिराळा, कराड व पाटण तालुक्यांतील उसाच्या फडांत बिबट्या वीण करू लागला आहे आणि गवे पिकांत उतरतात. नुकसानभरपाई मिळते, परंतु ती वेळेवर व पुरेशी मिळत नसल्याची शेतकऱ्यांची तक्रार जुनीच आहे. २०१९ पासून ‘नवीन महाबळेश्वर’ या नावाने कोयनाकाठच्या दोनशेहून अधिक गावांच्या गिरिस्थान-विकासाची योजना शासनाने हाती घेतली आहे. धरणाने व अभयारण्याने जे खोरे माणसांपासून मोकळे झाले, तेथेच आता निवासस्थाने व उपाहारगृहे यांसाठी जमिनींची खरेदी होत असेल, तर मूळ रहिवाशांना त्याचे वैषम्य वाटणे साहजिक आहे.

वाघ : व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषणा झाली खरी, पण येथे वाघाचे स्थिर वास्तव्य नव्हते. अधूनमधून ठसे व विष्ठा आढळत. स्वयंचलित कॅमेऱ्याने वाघाचे छायाचित्र टिपले ते मे २०१८ मध्ये, म्हणजे प्रकल्प स्थापन झाल्यावर आठ वर्षांनी. त्यानंतर पुन्हा मोठा खंड पडला आणि डिसेंबर २०२३ मध्ये एक नर वाघ चांदोलीत नोंदला गेला. तो त्यापूर्वी राधानगरी अभयारण्यात दिसलेला होता. यावरून एक गोष्ट सिद्ध झाली : कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्प, गोवा, तिलारी, आंबोली, राधानगरी, विशाळगड व चांदोली अशी सह्याद्रीच्या माथ्यावरील वनांची साखळी कितीही विरळ झाली, तरी ती अद्याप पूर्णपणे तुटलेली नाही. या साखळीच्या रक्षणासाठी राज्य शासनाने २०२० नंतर तिलारी, आंबोली-दोडामार्ग, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, पन्हाळा, विशाळगड आणि सातारा जिल्ह्यातील जोर-जांभळी ही संवर्धन राखीव क्षेत्रे जाहीर केली.

साखळीने येणारे वाघ मात्र नरच होते. तरुण नर नव्या प्रदेशाच्या शोधात फार दूर जातो. मादी सामान्यतः जन्मस्थानाच्या जवळपास राहते. तेव्हा माद्या बाहेरून आणण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याआधी भक्ष्याची सोय आवश्यक होती. सांगली जिल्ह्याच्या कोरड्या भागातील सागरेश्वर अभयारण्य (१०.८७ चौ. किमी.) हे उजाड डोंगरांवर माणसांनी लावून वाढविलेले वन, धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून ते उभे राहिले. तेथे सोडलेल्या हरणांची संख्या कुंपणाआड इतकी वाढली, की ती आसपासच्या पिकांत जाऊ लागली. त्यांतील चितळ व सांबर पकडून चांदोलीत आणण्याचे काम हाती घेण्यात आले. २०२५ मध्ये केंद्र शासनाने ताडोबा व पेंच येथून आठ वाघ (पाच माद्या व तीन नर) सह्याद्रीत आणण्यास मान्यता दिली. त्यानुसार नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातील पहिली वाघीण चांदोलीत आणली गेली. तिला थेट मोकळे न सोडता प्रथम सोनार्ली येथील बंदिस्त आवारात ठेवून परिसराची सवय होऊ दिली व नंतर अरण्यात सोडण्यात आले. तिच्या गळ्यातील रेडिओ-पट्ट्याच्या साहाय्याने वनकर्मचारी तिच्या हालचालींची नोंद ठेवतात. विदर्भातील सपाट, पानझडी व चितळांनी समृद्ध वनात वाढलेल्या जनावरास सह्याद्रीचे तीव्र उतार, चार महिन्यांचा अखंड पाऊस आणि सांबर-गवा हे अंगापिंडाने मोठे भक्ष्य मानवेल की नाही, हे काही पावसाळे गेल्यावरच कळेल.